‘नंतर बघू’ हे कारण नव्हे

आमच्या ऑफिसात त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे हेडबाई. हे त्यांना पक्कं माहीत होतं. एकदा कॉफीच्या मशीनपाशी मी बेसावधपणे बोलून गेलो, "हेडबाई आल्या वाटतं," आणि त्या माझ्या मागेच कप विसळत उभ्या. म्हणाल्या, "आल्या. तुझा गृहपाठ झाला का?" तो झालेला नव्हता. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही घडलं त्यात मी साळसूदपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. मूळ चूक माझीच होती.

बाईंचं वय त्रेपन्न. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की ऑफिसात फोनवर बोलल्या तर जिन्यातल्या माणसाला निरोप पोचावा. एकोणीस वर्षं त्यांनी एका दवाखान्याच्या खिडकीत बसून लोकांना तपासणीच्या वेळा लिहून दिल्या होत्या. मग दवाखान्याने वेबसाइट काढली आणि खिडकीला फळी ठोकली. दुसरं कुणी असतं तर वेबसाइटला शिव्या देत घरी बसलं असतं. बाईंनी शिव्या दिल्या, पण घरी बसल्या नाहीत. मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती, तिची पुस्तकं तिच्याआधी वाचून काढली. चव्वेचाळिसाव्या वर्षी आमच्याकडे टेस्टर म्हणून लागल्या, सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतः कोड लिहायला लागल्या. "ज्याने माझी खिडकी खाल्ली, त्याच्या पोटात काय असतं ते बघायचं होतं," असं सांगायच्या. नोकरी मात्र एकेका वर्षाच्या कराराची. दर वर्षी मालक कागदावर सही करणार, तेव्हा पुढचं वर्ष. या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार, हे त्या हसत सांगायच्या, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबलचक खोली. अठरा टेबलं, कायम रबराचा वास, आणि एका टोकाला मालकांची काचेची केबिन. आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवून द्यायचो. त्या वर्षी नऊ कामं चालू होती: पुस्तकांचं दुकान, पोहण्याचा तलाव, गाडी शिकवणारी शाळा, रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबची मोठी साखळी, असं काय काय. आणि नऊ कामांचे नऊ कायदे.

कायदे म्हणजे काय ते सांगतो. आमच्या धंद्यात लिंटर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. तुम्ही लिहिलेला कोड तो वाचतो आणि जिथे गडबड वाटेल तिथे लाल रेघ मारतो. कशाला गडबड म्हणायचं ते एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. आमच्याकडे ती फाइल प्रत्येक कामात वेगळी. ज्याने काम सुरू केलं त्याची आवड तो कायदा. ओळीच्या सुरुवातीला दोन जागा सोडायच्या की चार, यावरून दोन शहाणीसुरती माणसं सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हती. त्यातला एक मी.

बाईंनी ठरवलं की नऊ कामांना मिळून एकच नियमावली करायची. मालक म्हणाले, करा, पण कामाच्या वेळेत नको. बाईंनी कामाच्याच वेळेत केली. एका सोमवारी सगळ्यांना मीटिंगला बसवलं, हातात चौसष्ट नियमांची यादी. आम्ही बाह्या सरसावूनच गेलो होतो. बाई एकेक नियम वाचायच्या आणि विचारायच्या, "कुणाला काय हवंय?" जो पहिल्यांदा ओरडेल त्याचं मत मान्य. समोरच्याने तोंड उघडेपर्यंत पुढचा नियम. मला चार जागा मिळाल्या आणि मी गड जिंकल्यासारखा खुर्चीत मागे रेललो. चाळीस मिनिटांत बासष्ट नियम संपले.

"उरले दोन," बाई म्हणाल्या. "ते माझे. यांवर मतदान नाही."

पहिला असा: वेबसाइटवर कुणी बटण दाबून काही नोंदवलं, तर आतून ‘जमलं’ किंवा ‘नाही जमलं’ असं उत्तर येईपर्यंत थांबायचं. त्याआधी पडद्यावर ‘नोंद झाली’ असं दाखवायचं नाही. ऐकायला सोपं, पण घाईत लिहिणारा माणूस हे थांबणं हमखास गाळतो, कारण शंभरात नव्याण्णव वेळा उत्तर ‘जमलं’ असंच असतं. दुसरा नियम असा: लिंटरची लाल रेघ एखाद्या ठिकाणी गप्प करता येते, तशी सोय असते. पण गप्प करायची तर शेजारी कारण लिहायचं, स्वतःचं नाव लिहायचं आणि कधीपर्यंत ती तारीख लिहायची. तारीख उलटली की रेघ पुन्हा लाल होणार आणि काम पुढे जाणं बंद. शिवाय सामायिक नियमावलीत बदल करायचा तर दोघांची संमती लागेल, एकट्याच्या मनाला आलं म्हणून नाही.

"मतदान का नाही?" मी विचारलं. गड जिंकल्याची गुर्मी होती.

"दोन जागा सोडल्यास की चार, त्याने फार तर माझे डोळे दुखतील. हे थांबणं विसरलास तर कुणीतरी खिडकीशी येऊन उभं राहील आणि वहीत त्याचं नाव नसेल. ते तोंड मी एकोणीस वर्षं बघितलंय. तू नाही बघितलेलं."

मग त्यांनी ती नियमावली एका वेगळ्या ठिकाणी ठेवली आणि नऊ कामांतले जुने कायदे उडवून प्रत्येकात एकच ओळ घातली: नियम तिकडे आहेत, तिकडून घ्या. सात कामं विनातक्रार सुधारली. आठव्यात थोडी कुरबुर झाली. नववं माझं, लॅबचं. तिथे एक हजार तीनशे चाळीस लाल रेघा उमटल्या. बऱ्याचशा एका आज्ञेसरशी आपोआप दुरुस्त झाल्या, कारण त्या नुसत्या जागांच्या आणि अर्धविरामांच्या होत्या. दोनशे बारा उरल्या. त्या सगळ्या बाईंच्या पहिल्या नियमाच्या.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वेबसाइट आठ महिने झकास चालली होती आणि ही खिडकीतली बाई मला शिकवणार! मी दोनशे बारा ठिकाणी गप्प करणारी ओळ चिकटवली आणि कारण लिहिलं: ‘नंतर बघू’. दहा मिनिटांत बाई माझ्या टेबलाशी.

"‘नंतर बघू’ हे कारण नव्हे."

"मग काय लिहू?"

"खरं असेल ते लिही. वेळ नाही, कळलं नाही, जमत नाही. ‘कळलं नाही’ लिहिलंस तर मी स्वतः शेजारी बसून समजावते. खोटं तेवढं नको."

मी रागाच्या भरात लिहिलं: ‘कंटाळा आलाय.’ खाली नाव, एक महिन्याची तारीख. मला वाटलं आता भडका उडणार. बाईंनी वाचलं आणि चष्मा सारखा करून म्हणाल्या, "हे चालेल. हे खरं आहे." आणि मंजूर केलं! दोनशे बारा ठिकाणी माझ्या नावापुढे कंटाळा कोरला गेला. ऑफिसभर हशा पिकला आणि मी महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

महिना संपला तो नेमका बुधवारी. आणि लॅबची नवी सोय, घरी येऊन रक्ताचा नमुना नेण्याची, शुक्रवारी सुरू व्हायची होती. बुधवारी सकाळी दोनशे बारा रेघा पुन्हा लाल झाल्या आणि घोडं अडलं. महिनाभरात मी त्यांतल्या एकीलाही हात लावला नव्हता.

मालक केबिनमधून बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण ग्राहक फोनवर असला की त्यांना समोरचं काही दिसत नसे.

"मॅडम, सगळ्या तारखा महिनाभर पुढे करा. मधे पडणारा तुमचा तो नियम नुसता पिवळा करून ठेवा, रेघ दिसेल पण काम अडणार नाही."

"पिवळा म्हणजे कुणी वाचत नाही, सर."

"नियम तुमचा आहे, कंपनी माझी आहे."

"बरोबर आहे. म्हणून खाली तुमचं नाव घाला. कारणही घाला. मी दुसरी संमती देणार नाही, पण अजून सोळा जण आहेत."

मालकांनी खोलीभर नजर फिरवली. जो तो एकदम आपल्या पडद्यात घुसला. ज्यांना अर्धविराम हवा होता ते आणि ज्यांना नको होता ते, सगळे मूग गिळून गप्प. कुणी उठून ‘नाही’ म्हटलं नाही, पण ‘हो’ही कुणाच्या तोंडून निघालं नाही.

"तुमच्या कराराचा कागद माझ्या टेबलावर आहे," मालक हळू आवाजात म्हणाले.

"माहीत आहे. इथून दिसतो. काचच आहे मधे."

दुपारी मालकांनी मला आत बोलावलं. टीम लीडची जागा रिकामी होती आणि तिच्यावर माझा डोळा आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, संध्याकाळी मॅडमच्या घरी जा, दोन शब्द समजावून सांग, त्यांच्याच भल्याचं आहे. मी गेलो. लाज वाटायला हवी होती, तेव्हा वाटली नाही.

दोन खोल्यांचं घर. एका भिंतीशी मुलीच्या जुन्या पुस्तकांची चळत, प्रत्येकीत बाईंच्या पेन्सिलीच्या खुणा. बाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक. नुकतेच कामावरून आलेले, नखांत ग्रीस, तरी चहा त्यांनीच केला. मी माझं पाठ केलेलं भाषण सुरू करायच्या आतच त्यांनी ते केलं.

"अगं, त्या संमतीवर एक सही टाक ना. वर्ष निघून जाईल. तुझ्या एकटीने काय जग सुधारणार आहे?"

"अहो, मी कुठे जग म्हणतेय? दोनशे बारा ओळी म्हणतेय."

यजमान माझ्याकडे वळले. "पण म्हणजे नेमकं काय असतं हो ते गप्प करणं?"

मी समजावलं. लाल रेघ येते, काम अडतं, म्हणून एक ओळ टाकून तिला गप्प करायचं. त्यांनी कप खाली ठेवला.

"तार टाकली म्हणा की."

"कसली तार?"

"लिफ्टचं दार नीट लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही. दारात एक स्विच असतो त्यासाठी. तो कुरकुर करायला लागला की लोकांच्या तक्रारी येतात. मग आळशी मेकॅनिक काय करतो, स्विचच्या दोन टोकांना एक तार जोडून देतो. दार उघडं असलं तरी लिफ्टला वाटतं, लागलंय. लिफ्ट मस्त चालते. तक्रारी बंद." त्यांनी नखातलं ग्रीस खरवडलं. "माझ्या हाताखालच्याने एकदा टाकली होती. दोन थोबाडीत दिल्या मी त्याच्या." मग बायकोकडे बघून म्हणाले, "नको करूस सही. काय व्हायचं ते होऊ दे."

बाई उठल्या. भाजीचं ताट उचलून आत गेल्या, आणि मी चहा अर्धा टाकून घरी आलो.

गुरुवारी आठलाच ऑफिसला पोचलो. पश्चात्ताप वगैरे म्हणणार नाही, राग होता, फक्त तो आता माझ्यावर होता. पहिल्या ओळीपासून दुरुस्ती करायला बसलो. चाळीसएक झाल्या असतील. वेळ नोंदवण्याच्या बटणापाशी आलो आणि पहिल्यांदाच डोकं चालवून विचार केला, की इथे आतून ‘नाही जमलं’ असं उत्तर कधी येईल? दोन माणसांनी एकाच क्षणी एकच वेळ निवडली तर. पहिल्याला ती मिळेल, दुसऱ्याला नाकारली जाईल. पण माझा कोड नकाराची वाट बघत नव्हता. दोघांनाही ‘नोंद झाली’ दिसणार. आता नकार कुठेतरी लिहिले जात असणार, म्हणून मी सर्व्हरची नोंदवही उघडली. नऊ महिन्यांत सदतीस नकार. सदतीस नावं, सदतीस फोन नंबर, शेजारी त्यांना कधीच न मिळालेल्या तपासणीच्या वेळा.

यादी छापून बाईंपुढे ठेवली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली. मला वाटलं होतं, आता बोलतील, बघ, म्हटलं होतं की नाही. त्या मात्र उठून सरळ केबिनमध्ये गेल्या, मागोमाग मी.

मालकांनी यादी बघितली. "तक्रार केलीये कुणी?"

"कशी करतील?" बाई म्हणाल्या. "आपण त्यांना पडद्यावर सांगितलं, झालं म्हणून. लॅबच्या दारात त्यांना सांगितलं, नाव नाही म्हणून. त्यांनी कुणाला धरायचं?"

"हे बघा, दुरुस्त करून टाका आणि विषय संपवा. लॅबला कळलं तर काम हातचं जाईल. जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

"यात तपासण्या आहेत, सर. कुणाची साखर, कुणाचं आणखी काही. राहिल्या असतील. फोन करायला हवेत."

"कुणी कुणाला फोन करायचा नाही." मालक उभे राहिले. त्यांनी टेबलावरचा कराराचा कागद उचलला. "फोनला हात लावलात तर हा फाडतो."

"फाडा," बाई म्हणाल्या. "फक्त मागची कोरी बाजू नीट राहील असा फाडा. नंबर लिहायला कागद लागणार आहे मला."

मालकांनी खरंच फाडला. मला वाटतं, त्यांनाही तो फाडायचा नव्हता, पण बोलून बसले होते. नऊ वर्षांची नोकरी दोन तुकड्यांत टेबलावर पडली. बाईंनी एक तुकडा उचलला, दाराबाहेर आल्या, आपल्या जागेवर बसल्या आणि फोन पुढे ओढला. चष्मा दोनदा पुसला. घाबरल्या होत्या, स्वच्छ दिसत होतं, आणि घाबरतच त्यांनी पहिला नंबर फिरवला.

त्यांचा तो आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. खिडकीतला असणार. न चढणारा, स्पष्ट, घाई नसलेला. "तुम्ही अमुक तारखेची वेळ घेतली होती. नोंद झाली असं आम्ही सांगितलं. ते खरं नव्हतं. चूक आमची आहे." पहिल्या नंबरवरच्या बाईने शिव्या घातल्या, त्या पूर्ण ऐकून घेतल्या. दुसऱ्याने दुसरीकडे तपासून घेतलं होतं. चौथ्या नंबरवरच्या मुलीची तपासणी राहूनच गेली होती. तिला बाईंनी आजच्या आज जा म्हणून बजावलं आणि जवळच्या केंद्राचा पत्ता दोनदा सांगितला. एव्हाना खोलीतला टकटकाट थांबला होता. मालक केबिनच्या दारात उभे होते. पुढे येऊन फोन काढून घेता आला असता, पण ते आले नाहीत.

अकरावा नंबर एका वयस्कर गृहस्थांचा. त्यांना कमी ऐकू येत होतं म्हणून बाईंनी स्पीकर चालू केला आणि सगळं पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मी वेळ घेतली होती?"

"घेतली होती, काका. तेरा तारखेची, सकाळी नऊ वीसची."

"सव्वानऊलाच पोचलो होतो मी. नाव नाही म्हणाले. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही घेतलीच नसेल, तुम्हाला नुसतं वाटतंय. तेव्हापासून मला एकट्याला बाहेर जाऊ देत नाहीत. किल्ली काढून घेतलीय घराची. विसरायला लागलात म्हणतात. हल्ली मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

ते बटण मी लिहिलं होतं. भर ऑफिसात माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

"काका, तुम्ही काहीही विसरला नव्हता," बाई म्हणाल्या.

"हे माझ्या मुलाला सांगाल? दुपारपाळी आहे त्याची आज, खाली गाडी धुतोय. हाक मारतो. जिना चढेपर्यंत पाच मिनिटं लागतील. थांबाल?"

"थांबते."

पाच मिनिटं कुणी खुर्ची हलवली नाही. फोनमधून दूरवर हाका ऐकू येत होत्या, मग दार, मग ओल्या चपलांचा आवाज. एक वैतागलेला आवाज म्हणाला, "हां, कोण बोलतंय?"

बाईंनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मग कंपनीचं नाव सांगितलं, दारात उभ्या मालकांकडे बघत, जिन्यापर्यंत पोचेल अशा आवाजात. "तुमच्या वडिलांनी वेळ घेतली होती. तारीख बरोबर, वेळ बरोबर. खोटं आमच्या वेबसाइटने सांगितलं. त्यांचं काहीही चुकलेलं नाही."

तो मुलगा अगदी वेगळ्या आवाजात म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मी बघतो."

"बघतो नको," बाई म्हणाल्या. "त्यांची किल्ली आता त्यांच्या हातात द्या. मी फोन धरून आहे."